३ मिलिमीटर जाडी मागितली, मिळाली १.७३! ग्रासहॉपरमध्ये मेश जाड करताना नेमकं काय बिघडतं?

जाळीदार लॅम्पशेड, लाटेसारखी वळलेली भिंत, मधमाशीच्या पोळ्यासारखं छत. ‘पॅरामेट्रिक डिझाइन’ असं शोधलं की अशा रील्सचा पाऊस पडतो. तिशी सेकंदांचा व्हिडिओ, दहा-बारा डबे एकमेकांना वायरींनी जोडलेले, एक स्लायडर सरकवला की आख्खा आकार बदलतो. बघणाऱ्याला वाटतं, हे तर आपल्यालाही जमेल.

आणि जमतंही, स्क्रीनवर. अडचण सुरू होते ती तो आकार खराखुरा बनवायची वेळ आली की. आर्किटेक्चरच्या किंवा प्रॉडक्ट डिझाइनच्या विद्यार्थ्याने सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल थ्रीडी प्रिंटवाल्याकडे पाठवावी आणि तासाभराने उत्तर यावं, ‘मॉडेल बंद नाहीये, प्रिंट होणार नाही.’ त्याहून वाईट म्हणजे काहीच उत्तर येत नाही, प्रिंट होतं, पैसे जातात आणि हातात येतो कोपऱ्यांवर तडकलेला लॅम्प.

या सगळ्या गोंधळाचं मूळ बऱ्याचदा एकाच पायरीत असतं. तिला म्हणतात मेश थिकनिंग, म्हणजे कागदाहून पातळ असलेल्या आकाराला जाडी देणं.

मुळात मेशला जाडी का नसते?

रायनोसेरॉस, म्हणजेच रायनो, हे अमेरिकेतल्या सिएटलच्या रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्स कंपनीचं थ्रीडी सॉफ्टवेअर. त्याच्या आत चालणारं ग्रासहॉपर डेव्हिड रटन यांनी तयार केलं. २००७ मध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा त्याचं नाव ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’ होतं. ग्रासहॉपर हे नाव नंतरचं. कोड लिहायचा नाही, डबे ओढायचे आणि वायरी जोडायच्या, ही त्याची खासियत. या डब्यांना कंपोनंट म्हणतात. रायनो ६ पासून, म्हणजे २०१८ पासून, ग्रासहॉपर रायनोसोबतच मिळतं.

मेश म्हणजे छोट्या त्रिकोणी किंवा चौकोनी तुकड्यांनी शिवलेला पृष्ठभाग. तुकड्याला फेस म्हणतात, त्याच्या कडेला एज आणि टोकाच्या बिंदूला व्हर्टेक्स. संगणक फक्त एवढंच लक्षात ठेवतो की कोणता बिंदू कुठे आहे आणि कोणते बिंदू मिळून कोणता फेस होतो. यात ‘जाडी’ नावाची माहिती कुठेच नसते. कागदालाही थोडी जाडी असते, मेशला शून्य.

प्रिंटरला मात्र घनफळ लागतं. प्लास्टिक कुठे भरायचं आणि कुठे नाही हे ठरवायला आत आणि बाहेर असे दोन प्रदेश स्पष्ट वेगळे दिसायला हवेत. म्हणून मेशची एक प्रत थोडी बाजूला सरकवायची, दोन्हींच्या कडा पट्टीने जोडायच्या आणि बंद कवच तयार करायचं. थिकनिंग म्हणजे एवढंच. कागदावर सोपं वाटतं.

सुगरणीचं नाव असलेलं प्लगइन

ग्रासहॉपरमध्ये या कामासाठी अनेक वर्षं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं प्लगइन म्हणजे जुलियो पियाचेंतिनो यांचं वीव्हरबर्ड. वीव्हरबर्ड म्हणजे आपली सुगरण, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लटकवणारी. गवताच्या काड्या विणून पोकळ पण मजबूत कवच करणाऱ्या पक्ष्याचं नाव मेशच्या प्लगइनला देणं चपखल आहे. त्यात ‘मेश थिकन’ नावाचा कंपोनंट आहे. मेश द्या, अंतर द्या, काम झालं. शिवाय प्रत्येक फेसला खिडकी पाडणारा ‘पिक्चर फ्रेम’ आणि आकार गुळगुळीत करणारा ‘कॅटमुल-क्लार्क’ही आहे. रील्समधले निम्मे जाळीदार लॅम्प या तिघांच्या जोरावर उभे असतात असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मायकल प्रायर यांच्या पफरफिशमध्येही मेश ऑफसेट करणारा कंपोनंट आहे. रायनोच्या स्वतःच्या ‘ऑफसेटमेश’ आज्ञेत ‘सॉलिडिफाय’ हा पर्याय आहे, तो कोणत्याही प्लगइनशिवाय हेच काम करतो. ही सगळी साधनं चांगली आहेत. पण ती आज्ञाधारक आहेत, हुशार नाहीत. समोर आलेल्या मेशमध्ये जी खोट असेल ती जाडी देताना मोठी होऊन बाहेर पडते. म्हणून ‘प्लगइन बिघडलंय’ म्हणण्याआधी मेश तपासणं जास्त फायद्याचं असतं.

३ चे १.७३ कसे होतात?

एक साधा डबा घ्या. ६ चौकोनी फेस, ८ व्हर्टेक्स, सगळे नीट जोडलेले. त्याला ३ मिलिमीटर जाडी द्या. आता बाहेरच्या डब्याचा एक कोपरा आणि आतल्या डब्याचा तोच कोपरा यांच्यातलं अंतर मोजा. बरोबर ३ मिमी येईल. सगळं ठीक वाटेल.

आता डबा मधोमध कापून भिंतीची जाडी मोजा. १.७३ मिमी.

झालं काय? प्रत्येक व्हर्टेक्सपाशी एक दिशा ठरलेली असते, तिला नॉर्मल म्हणतात. व्हर्टेक्सभोवतीच्या फेसच्या दिशांची सरासरी म्हणजे त्याचा नॉर्मल. डब्याच्या कोपऱ्याशी तीन फेस येतात, तिघांच्या दिशा एकमेकींना काटकोनात. सरासरी दिशा तिघांच्या मधून तिरकी जाते. थिकनिंगची सोपी पद्धत प्रत्येक व्हर्टेक्स या तिरक्या दिशेने ३ मिमी सरकवते. कोपरा ३ मिमी सरकला हे खरं, पण तो तिरका सरकला. भिंतीच्या सरळ दिशेने पाहिलं तर ते सरकणं ३ भागिले ३ चं वर्गमूळ इतकंच, म्हणजे १.७३. बोळातून तिरकं चालत गेलेल्या माणसाने पावलं जास्त टाकली तरी बोळाची रुंदी वाढत नाही, तसंच हे.

नुसती दोन फेसची काटकोनी घडी असेल तर ३ चे २.१२ होतात. सपाट भागात ३ चे ३ राहतात. म्हणून एकाच मॉडेलमध्ये सपाट भाग भक्कम आणि घड्या, कोपरे कमजोर असा प्रकार होतो. प्रिंट तडकतं ते नेमकं कोपऱ्यावर, याचं एक कारण इथे आहे.

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये हा फरक किरकोळ नाही. साध्या फिलामेंट प्रिंटरचं नोझल बहुतेकदा ०.४ मिमीचं असतं. म्हणून लोक हिशेबाने ०.८ मिमी भिंत धरतात, म्हणजे नोझलच्या दोन रेघा. वरच्या डब्यात ०.८ चे ०.४६ होतात. दोन रेघांची भिंत एका रेघेची होते. त्याहून पातळ झाली तर प्रिंटसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्लायसर, ती भिंत गाळूनही टाकू शकतं.

यावर उपाय आहे. ग्रासहॉपरच्या ‘डीकन्स्ट्रक्ट मेश’ने व्हर्टेक्स आणि नॉर्मल वेगळे काढायचे. व्हर्टेक्सचा नॉर्मल आणि शेजारच्या फेसचा नॉर्मल यांचा डॉट प्रॉडक्ट घ्यायचा आणि हव्या असलेल्या जाडीला त्याने भागायचं. डब्याच्या कोपऱ्यात ३ भागिले ०.५७७, म्हणजे सुमारे ५.२ मिमी सरकवलं की भिंत बरोबर ३ मिमीची होते. मग ‘कन्स्ट्रक्ट मेश’ने दुसरी प्रत तयार करायची. ही आतली प्रत उलटी करायला आणि कडेला पट्टी लावायला विसरायचं नाही. फक्त धारदार घड्यांपाशी सावध राहावं लागतं. दोन दिशांमधला कोन ८० अंशांवर गेला की भागाकार जवळपास पावणेसहा पट होतो आणि मॉडेलला काटे फुटतात. म्हणून दोन किंवा अडीच पटीची मर्यादा घालून ठेवलेली बरी.

ब्लेंडर वापरणाऱ्यांना हे हाताने करावं लागत नाही. तिथल्या ‘सॉलिडिफाय’ मॉडिफायरमध्ये ‘ईव्हन थिकनेस’ हा पर्याय आहे, तो हीच दुरुस्ती करतो. ब्लेंडर फुकट आहे, त्यामुळे रायनोतून मेश तिकडे नेऊन जाडी देणं हाही रडीचा डाव नाही.

सगळीकडे समान जाडी शक्य तरी आहे का?

इथे एक गंमत आहे आणि ती कळली की बराच मनस्ताप वाचतो. तीन भिंती एका बिंदूत भेटत असतील तर तिन्ही भिंती ३-३ मिमी सरकवल्या तरी त्या पुन्हा एका बिंदूतच भेटतात. चार किंवा जास्त भिंती असतील तर साधारणपणे भेटत नाहीत. त्रिकोणी मेशमध्ये एका व्हर्टेक्सला सहसा सहा फेस येतात. म्हणजे फेसची जोडणी तशीच ठेवून सगळीकडे अगदी अचूक समान जाडी ही मागणीच बहुतेक मेशवर पूर्ण होऊ शकत नाही. कोणतंही प्लगइन आणा, थोडी तडजोड होणारच.

काचेची छतं बांधणाऱ्यांना हा प्रश्न पैशात मोजावा लागतो. व्हिएन्नातले गणितज्ञ हेल्मुट पॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘कॉनिकल मेश’ नावाचा प्रकार मांडला. त्यात चौकोनी, सपाट फेस अशा बेताने बसवलेले असतात की एका व्हर्टेक्सभोवतीचे सगळे फेस एकाच शंकूला स्पर्श करतात. अशा मेशची समान अंतरावरची प्रत अचूक निघते. घरच्या लॅम्पसाठी एवढं कोणी करणार नाही. पण आकडे दशांशापर्यंत जुळत नाहीत म्हणून रात्रभर जागणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

दुसरीकडे, समान जाडी हवीच असंही नाही. २०१६ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ब्लॉक रिसर्च ग्रुपने आणि त्यांच्या भागीदारांनी ‘आर्माडिलो व्हॉल्ट’ उभारलं. चुनखडीचे ३९९ तुकडे, मध्ये चुना-सिमेंट काही नाही, आणि १६ मीटरचा गाळा. त्याची सगळ्यात कमी जाडी ५ सेंटीमीटर होती आणि जिथे गरज तिथे ती वाढवलेली होती. जाडी ही सगळीकडे सारखी फासायची गोष्ट नाही, ती ठरवायची गोष्ट आहे.

एक मेश की चोवीस मेश?

आता रोजच्या भानगडींकडे. ग्रासहॉपर शिकणाऱ्यांचा सगळ्यात नेहमीचा घोळ जाडीचा नसून यादीचा असतो.

समजा, रायनोतल्या पृष्ठभागाचे २४ तुकडे मेशमध्ये बदलले आणि थेट ‘मेश थिकन’ला जोडले. स्क्रीनवर एक अखंड आकार दिसतो. पण वायरमधून २४ वेगवेगळ्या मेश जात असतात. कंपोनंट प्रत्येकीला स्वतंत्र जाडी देतो आणि प्रत्येकीच्या चारही बाजूंना भिंत उभी करतो. नंतर सगळं जोडलं तरी आत जुन्या भिंती तशाच राहतात. बाहेरून आलिशान बंगला, आत चाळीच्या खोल्या. स्लायसर इथेच गोंधळतो.

ओळखायची खूण सोपी आहे. कंपोनंटच्या आधी एक पॅनल लावा. त्यात मेश एकच दिसायला हवी. यादी दिसली तर ‘फ्लॅटन’ करा, ‘मेश जॉइन’ करा, ‘वेल्ड’ करा आणि मगच जाडी द्या. याच्या उलट घोळही होतो. अंतराच्या जागी एका आकड्याऐवजी आकड्यांची यादी गेली की एकावर एक अनेक कवचं तयार होतात. वरून फक्त सगळ्यात बाहेरचं दिसतं आणि फाइल मात्र अवजड होत जाते.

‘जॉइन केलं की’ हे उत्तर इथे पुरत नाही. जॉइन म्हणजे एका पिशवीत भरणं, वेल्ड म्हणजे शिवणं. वर घेतलेला डबा वेल्ड केलेला असेल तर त्याला ८ व्हर्टेक्स असतात. वेल्ड केलेला नसेल तर २४, कारण प्रत्येक फेसचे चार कोपरे वेगळे असतात आणि एकाच जागी तीन-तीन बिंदू बसलेले असतात. प्रत्येकाचा नॉर्मल आपापल्या फेसच्या दिशेने. साध्या पद्धतीने जाडी दिली की सहा फेस सहा दिशांना निघून जातात आणि कोपऱ्यांवर फटी पडतात. रायनोच्या ‘वेल्ड’ आज्ञेत कोन १८० अंश दिला की एका जागी बसलेले सगळे बिंदू एक होतात.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मेश कुठे उघडी आहे हे दाखवणारी ‘शोएजेस’ ही आज्ञा वेल्ड न केलेल्या कडांना उघडी कड मानत नाही, कारण बिंदू एकाच जागी असतात. म्हणून ‘उघड्या कडा ०’ हे उत्तर आलं म्हणजे वेल्ड झालं असं नाही. खात्री करायची तर ‘डीकन्स्ट्रक्ट मेश’मधून व्हर्टेक्सची संख्या बघा. वेल्डनंतर ती एकदम घटली तर आधी शिवण नव्हती असं समजा.

वेल्ड करूनही फटी राहत असतील तर शेजारच्या तुकड्यांचे बिंदू समोरासमोर नाहीत. एका बाजूला दहा बिंदू, दुसऱ्या बाजूला बारा, मग शिवणार काय? पृष्ठभागाचं मेश करताना सेटिंगमध्ये ‘जॅग्ड सीम्स’ चालू राहिलं की हे हमखास होतं. ते बंद करून मेश नव्याने करणं सर्वांत स्वच्छ. ते शक्य नसेल तर ग्रासहॉपरचा ‘अलाइन व्हर्टिसेस’ किंवा रायनोची ‘मॅचमेशएज’ आज्ञा. मात्र त्यातलं अंतर जाळीच्या सगळ्यात लहान कडेपेक्षा कमी ठेवा, नाहीतर वेगवेगळे बिंदूही एकमेकांत मिसळतील.

अर्धा आकार आत, अर्धा बाहेर

जाडी दिल्यावर काही तुकडे आतल्या बाजूला आणि काही बाहेरच्या बाजूला फुगले असतील तर नॉर्मलच्या दिशा एकसारख्या नाहीत. रायनोच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मेशच्या मागच्या बाजूला वेगळा, भडक रंग देता येतो. तो एकदा देऊन ठेवला की उलटे तुकडे लांबूनही दिसतात. रायनोत ‘युनिफायमेशनॉर्मल्स’, ग्रासहॉपरमध्ये ‘युनिफाय मेश’. सगळंच उलटं असेल तर ‘फ्लिप मेश’.

एक आकार मात्र कधीच युनिफाय होत नाही, तो म्हणजे सोशल मीडियाचा लाडका मोबियस पट्टा. त्याला बाजू एकच असते, त्यामुळे आत-बाहेर ठरवताच येत नाही. कुठेतरी एका शिवणीवर दिशा उलटणारच आणि तिथे एका बाजूची जाडी फाटणार. अशा वेळी निम्मी जाडी एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला द्यायची. दोन्ही थर पूर्ण फेरीत एकमेकांना जाऊन मिळतात.

याशिवाय दोन खोडकर प्रकार आहेत. एक, शून्य क्षेत्रफळाचे फेस. त्यांना दिशाच नसते, त्यामुळे जाडी दिल्यावर मध्येच एखादी सुई बाहेर येते. ‘कलडिजनरेटमेशफेसेस’ आज्ञा ते काढून टाकते. दोन, नॉन-मॅनिफोल्ड कडा, म्हणजे एकाच कडेवर तीन किंवा जास्त फेस. यात आत कुठलं आणि बाहेर कुठलं याला उत्तरच नसतं. ग्रासहॉपरचा ‘मेश एजेस’ कंपोनंट उघड्या, आतल्या आणि नॉन-मॅनिफोल्ड कडा वेगवेगळ्या काढून देतो. व्होरोनॉय जाळ्यांमध्ये दोन भाग नुसत्या एका बिंदूत चिकटलेले सापडतात, तोही याच जातीचा त्रास. तिथे बिंदू वेगळे करावे लागतात किंवा मध्ये थोडं मांस भरावं लागतं.

वळण लहान, जाडी मोठी

५ मिमी त्रिज्येच्या गोलाईला आतल्या बाजूने ६ मिमी जाडी दिली तर काय होईल? आतला थर केंद्र ओलांडून पलीकडे जाईल आणि स्वतःलाच कापेल. मेश तपासणीत उघड्या कडा शून्य येतील, नॉन-मॅनिफोल्ड शून्य येतील, सगळं हिरवं. तरीही प्रिंटमध्ये गाठी दिसतील. ‘मेश प्लेन’ छेदाने चार-पाच ठिकाणी आडवे काप घेऊन बघितलं की आठच्या आकड्यासारख्या गुंतलेल्या रेषा लगेच दिसतात. जाडी बाहेरच्या बाजूला द्या, कमी करा किंवा त्या जागचं वळण मोठं करा. यापलीकडे या पद्धतीत चौथा रस्ता नाही.

आधी गुळगुळीत की आधी जाड?

कॅटमुल-क्लार्क ही पद्धत एड कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडली. पहिले पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले, दुसरे नेटस्केपच्या. प्रत्येक फेरीत चौकोनी फेस चौपट होतात आणि आकार मऊ होत जातो.

आधी जाडी आणि मग ही पद्धत, असा क्रम ठेवला तर कडा छान गोलसर होतात. लॅम्पचा तो मऊ, हाडासारखा दिसणारा लुक इथूनच येतो. पण गुळगुळीत करताना आकार थोडा आक्रसतो, म्हणून दिलेली जाडी तीच राहत नाही. माप महत्त्वाचं असेल तर आधी गुळगुळीत, मग जाड. लुक महत्त्वाचा असेल तर उलट, पण मग शेवटची जाडी पुन्हा मोजायला हवी. फेऱ्यांबाबत हात आखडता ठेवा. १,००० चौकोनांच्या चादरीला जाडी दिली की २,००० हून जास्त फेस होतात आणि तीन फेऱ्यांनंतर १ लाख २८ हजारांच्या वर. लॅपटॉपचा पंखा का ओरडतो, ते यावरून कळावं.

पुण्याचा नकाशा आणि थरथरणारी मेश

शहराच्या नकाशावरून जमिनीचं मॉडेल बनवणाऱ्यांना एक वेगळाच त्रास होतो. जाडी दिल्यावर गुळगुळीत उताराच्या पायऱ्या होतात, फेस दातेरी दिसतात.

यूटीएम पद्धतीत पुणे विषुववृत्तापासून सुमारे साडेवीस लाख मीटर उत्तरेला येतं. नकाशाची फाइल आहे त्याच जागी उघडली तर प्रत्येक बिंदूला हा भलामोठा आकडा चिकटलेला असतो. मेशचे बिंदू अनेकदा सिंगल प्रिसिजनमध्ये साठवले जातात, त्यात साधारण सातच अंक नीट बसतात. साडेवीस लाखांच्या आसपास अशा दोन लागोपाठच्या आकड्यांमधलं अंतर ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर असतं. तिथे १० सेंटीमीटरची भिंत कशी उभी राहणार? मॉडेल आधी शून्याजवळ, म्हणजे ओरिजिनपाशी, आणायचं आणि मगच मेश करायची. आधी मेश करून नंतर सरकवलं तर गेलेले अंक परत येत नाहीत.

प्रिंटसाठी सर्रास वापरली जाणारी एसटीएल फाइल तर एकक साठवतच नाही. २ मीटर आणि २ मिलिमीटर तिच्यासाठी दोन्ही नुसते २. स्केल मॉडेल असेल तर आधी स्केल करा, मग जाडी द्या. इमारतीला २०० मिमी भिंत देऊन ती १:२०० ला लहान केली की भिंत १ मिमीची होते आणि त्यातली खिडकीची चौकट कुठेच उरत नाही.

प्लगइनच उघडत नसेल तर

विंडोजवर उतरवलेल्या जीएचए फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करा. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. फाइल ग्रासहॉपरच्या ‘कंपोनंट्स फोल्डर’मध्येच हवी. जुनं प्लगइन रायनो ८ मध्ये रुसत असेल तर कारण डॉटनेटचं असू शकतं. रायनो ८ नवीन डॉटनेटवर चालतं. ‘सेटडॉटनेटरनटाइम’ ही आज्ञा देऊन विंडोजवर जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर परत जाता येतं, त्यासाठी रायनो बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

सगळं करूनही जमत नसेल तेव्हा

मेश इतकी गुंतलेली असेल की तिला सुधारण्यात अर्थ नाही, तर पद्धतच बदलायची. डेंड्रो नावाचं प्लगइन मेशऐवजी घनफळावर काम करतं. जागेचे बारीक ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळा पृष्ठभागापासून किती लांब आहे ते नोंदवायचं आणि ठराविक अंतराच्या आतलं ते घन मानायचं. इथे थर स्वतःला कापूच शकत नाहीत आणि जाडी खरोखर अंतरावरून ठरते, म्हणून डब्याच्या कोपऱ्यावरही भिंत पातळ होत नाही. याच्या मुळाशी असलेली ओपनव्हीडीबी ही ड्रीमवर्क्सची लायब्ररी ढग आणि धूर दाखवण्यासाठी सिनेमात वापरली जाते. ती २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

किंमत दोन गोष्टींत मोजावी लागते. धारदार कडा बोथट होतात आणि मूळ चौकोनांची सुबक रचना नाहीशी होते. शिवाय ठोकळ्याचा आकार जाडीपेक्षा बराच लहान हवा. २ मिमी भिंतीला अर्ध्या मिमीचा ठोकळा हे सुरुवातीला चांगलं माप. तो निम्मा केला की पृष्ठभागाभोवतीचे ठोकळे साधारण चौपट होतात, त्यामुळे घाईघाईने स्लायडर डावीकडे खेचू नये. रायनो ८ मधली ‘श्रिंकरॅप’ आज्ञाही जवळपास असंच काम करते. तुटक्या, उघड्या मेशभोवती ती बंद आवरण घालते आणि ऑफसेटही देते.

प्रिंटला पाठवण्याआधी

जाडी दिलेल्या मेशवर ‘मेश एजेस’ लावा. उघड्या कडा ०, नॉन-मॅनिफोल्ड कडा ०. मग रायनोची ‘थिकनेसअॅनालिसिस’ चालवा. ती पातळ भाग रंगात दाखवते, त्यामुळे कोपऱ्यातले १.७३ लपून राहत नाहीत. शेवटी एसटीएल स्लायसरमध्ये उघडून एकेक थर वरपासून खालपर्यंत पाहा. जिथे भिंतीची रेघ तुटते, तिथे प्रिंटही तुटणार. आणि हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्री नको, निदान दोन दिवस आधी. प्रिंटवाल्याकडे त्या रात्री अख्खी बॅच रांगेत असते.